चिपळूणचा पूर, पूररेषा आणि विमा: बाजारपेठेतल्या एका बिल्डिंगचं प्रकरण

२२ जुलै २०२१ ला चिपळूणमध्ये जे पाणी भरलं त्यावर खूप बोलून झालंय. पाणी कुठून आलं, कोणी सोडलं, गाळ कोणी काढायचा, सगळं. पण पाणी उतरल्यावर पैशाचं काय झालं हे कोणी नीट मांडत नाही, आणि माझ्या मते चिपळूणकरांना पुढच्या पुरात खरं काय उपयोगी पडेल ते तिथेच कळतं. म्हणून इथे एकाच बिल्डिंगचं प्रकरण घेतोय.

बिल्डिंग बाजारपेठेतल्या आतल्या रस्त्यावर आहे. खाली पुढे दोन दुकानं, मागे एक छोटा फ्लॅट, वर दोन घरं. एका दुकानात माझ्या काकांचं किराणा, शेजारच्या गाळ्यात एक कापडवाले, मागच्या फ्लॅटमध्ये एक रिटायर झालेल्या शिक्षिका, त्यांना अख्खी आळी बाईच म्हणते. पाणी तिघांकडे एकाच पहाटे शिरलं, एकाच उंचीला गेलं, स्लॅबला हात लागेल इतकं. आणि विम्याचे पैसे मात्र एकाला अर्धे मिळाले, एकाला काहीच नाही, एकाला जवळजवळ पूर्ण. नशीब म्हणून हे सोडून देता येणार नाही, प्रत्येकाच्या मागे एकेक कागद आहे.

आधी पाण्याचं थोडक्यात. वाशिष्ठी सह्याद्रीतून उतरते, अंतर कमी आणि उतार प्रचंड, आणि चिपळूणला आल्यावर एकदम सपाटी लागते. पुढे दाभोळची खाडी, भरतीचं पाणी गोवळकोटपर्यंत वर येतं, म्हणजे वरून नदी फुगलेली आणि खालून समुद्र दाबतोय अशी वेळ जुळली की पाण्याला जायला जागाच राहत नाही. शहराच्या मधून शिव नदी वाहते, तिचं पाणी वाशिष्ठीत शिरायच्या ऐवजी उलटं गावात पसरतं. त्यात कोयनेचं अवजल, वीज तयार करून झाल्यावरचं पाणी, कोळकेवाडी धरणामार्गे याच नदीत येतं. नदीपात्रात वर्षानुवर्षं गाळ साचून बेटं झालेली. वाशिष्ठीची इशारा पातळी ५ मीटर, धोका पातळी ७ मीटर, हे आकडे आता शाळेतल्या पोरांनाही पाठ आहेत.

पूर चिपळूणला नवा नाही. इथल्या जुन्या दुकानांना माळा असतो आणि पाणी येतंय म्हटलं की माल माळ्यावर चढवायचा ही पिढ्यानपिढ्यांची सवय. २६ जुलै २००५ च्या पुराची खूण बऱ्याच भिंतींवर होती आणि सगळा हिशोब त्या खुणेवर चालायचा. काकांनीही २१ तारखेच्या रात्री तेच केलं, साखर, डाळी, तेलाचे डबे सगळं २००५ च्या खुणेच्या वर नेऊन ठेवलं. पहाटे पाणी ती खूण ओलांडून माळ्यावर गेलं. लाईट गेली, मोबाईलला रेंज नाही, वरच्या मजल्यावरच्या लोकांनी बाईंना मागच्या जिन्याने ओढून वर घेतलं कारण खिडक्यांना पक्क्या ग्रिल होत्या, त्यांतून बाहेर पडायला दारच नव्हतं. ही ग्रिलची गोष्ट मी मुद्दाम लिहितोय. चोराच्या भीतीने आपण खिडक्या बंद करून टाकतो आणि पुरात तोच पिंजरा होतो. पूरभागात ग्रिलला आतून उघडणारं छोटं दार असायलाच पाहिजे, त्याला खर्च फार नाही.

पाणी उतरलं, गुडघाभर चिखल राहिला. तलाठी आले, पंचनामे झाले. ऑगस्टमध्ये सरकारने राज्यासाठी ११,५०० कोटींचं पॅकेज जाहीर केलं. त्यात कुटुंबाला १०,००० सानुग्रह, घर पूर्ण उद्ध्वस्त असेल तर १,५०,०००, निम्मं नुकसान असेल तर ५०,०००, पाव असेल तर २५,०००, आणि दुकानदाराला नुकसानीच्या ७५ टक्के किंवा ५०,००० यातली जी रक्कम कमी असेल ती. टपरीवाल्यांना अशीच पण १०,००० ची मर्यादा. मी या मदतीला नावं ठेवणार नाही, त्या दिवसात दहा हजारसुद्धा मोठे वाटत होते. पण बाजारपेठेतल्या साध्या किराणा दुकानात सिझनला जेवढा माल असतो त्यापुढे ५०,००० म्हणजे दोन शेल्फ. सरकारी मदत ही उभं राहायला हात म्हणून असते, नुकसान भरून द्यायला नसते, आणि ती तशीच धरून चालायला पाहिजे. नुकसान भरून द्यायचं काम विम्याचं.

आता कागद. काकांचं बँकेत कॅश क्रेडिट खातं, म्हणजे मालाच्या तारणावरचं कर्ज, त्यामुळे मालाचा विमा बँकेनेच काढायला लावलेला, दरवर्षी खात्यातून प्रीमियम कापला जायचा आणि पॉलिसी फाईलला लागायची. कोणी उघडून वाचत नव्हतं. विम्याची रक्कम कर्ज मंजूर झालं तेव्हाची, दुकान मात्र पुढे वाढलेलं. आणि जुलै म्हणजे पुढे श्रावण, मग गणपती, सगळा माल भरून ठेवायचे दिवस. इथे विम्यातला एक नियम आडवा येतो ज्याला कमी विमा म्हणतात आणि लोकांना तो खूप उशिरा कळतो. समजा दुकानात माल १६ लाखांचा आहे, विमा काढलाय ८ लाखांचा, आणि पुरात १० लाखांचा माल गेला. लोकांना वाटतं ८ लाख तरी मिळतील. मिळत नाहीत. मालाच्या निम्म्या किमतीचाच विमा आहे ना, मग नुकसानही निम्मंच मान्य, म्हणजे ५ लाख, उरलेल्या भागाचे तुम्ही स्वतःच विमा कंपनी असं धरलं जातं. आकडे समजायला सोपे म्हणून गोल घेतलेत, पण काकांच्या बाबतीत प्रमाण साधारण असंच बसलं. आणि किंमत धरतात ती खरेदीची, विक्रीची नाही, त्यात नफा येत नाही.

कापडवाल्यांची पॉलिसी जुन्या पद्धतीची फायर पॉलिसी होती, एप्रिल २०२१ च्या आधी रिन्यू झालेली. जुन्या फायर पॉलिसीत वादळ-पूर-जलमय होणं हा एक गट होता, त्याला एजंट लोक एसटीएफआय म्हणतात, आणि तो गट काढून टाकला की प्रीमियम थोडा कमी व्हायचा. कोणीतरी कधीतरी तो काढला होता. चिपळूणमध्ये, वाशिष्ठीपासून हाकेच्या अंतरावरच्या दुकानाच्या पॉलिसीतून पूर वगळलेला. आग, वीज पडणं, स्फोट, सगळं कव्हर, आणि जे दर काही वर्षांनी नक्की होतं तेच नाही. त्यांना विम्यातून एक रुपया मिळाला नाही. ते गृहस्थ अजूनही म्हणतात की पॉलिसी होती हो माझी, आणि ते खरंच आहे, पॉलिसी होती.

बाईंची गोष्ट वेगळी. १ एप्रिल २०२१ पासून इर्डाच्या, म्हणजे विमा कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेच्या, नियमाने सगळ्या जनरल इन्शुरन्स कंपन्यांना घरासाठी एकच ठरावीक पॉलिसी विकणं बंधनकारक झालं, भारत गृह रक्षा. बाईंचं जुनं रिन्यूअल मे महिन्यात आलं आणि ते आपोआप या नव्या पॉलिसीत गेलं. या पॉलिसीत पूर, वादळ, भूकंप, दरड कोसळणं, जमीन खचणं हे सगळं मूळातच आहे, वेगळं मागावं लागत नाही. वरचा कमी विम्याचा नियम घराला लावत नाहीत. घरातल्या सामानाची यादी दिली नाही तरी इमारतीच्या विम्याच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाख, एवढं सामान आपोआप धरलं जातं. दागिने आणि मौल्यवान वस्तू मात्र त्यात नाहीत, त्या वेगळ्या सांगाव्या लागतात. राडारोडा हटवायचा खर्च, घर राहण्यालायक नसेल तर भाड्याच्या जागेचा खर्च यालाही काही तरतूद आहे. दुर्घटनेनंतर ७ दिवसांच्या आत त्याच कारणाने झालेली चोरीसुद्धा धरतात, आणि पुरानंतर दारं फुटलेली घरं बघितली असतील त्याला याचं महत्त्व कळेल.

एक गैरसमज इथेच काढून टाकू. घराचा विमा म्हणजे फ्लॅटच्या बाजारभावाचा विमा नव्हे. जमीन वाहून जात नाही, म्हणून विमा बांधकामाच्या खर्चाचा काढायचा, कार्पेट एरिया गुणिले आजचा बांधकामाचा दर. समजा ६०० स्क्वेअर फूट आणि दर २,००० रुपये तर १२ लाख, त्याच्या २० टक्के म्हणजे २ लाख ४० हजारांचं सामान. एवढ्या रकमेचा वर्षाचा प्रीमियम बहुतेकांच्या वर्षाच्या मोबाईल रिचार्जपेक्षा कमी असतो. तरीही आळीत घराचा विमा असलेल्या बाई एकट्याच निघाल्या. बाकीच्यांनी गाड्यांचा काढलेला होता, तोही बऱ्याच जणांनी थर्ड पार्टी, ज्यात स्वतःच्या गाडीच्या नुकसानीला काहीच मिळत नाही. ज्यांचा पूर्ण विमा होता त्यातल्या काहींनी पाणी उतरल्यावर गाडी चालू होते का बघायला स्टार्टर मारला, इंजिनात पाणी, इंजिन गेलं, आणि ते नुकसान पुराचं नाही तर तुमच्या स्टार्टरचं असं उत्तर मिळालं. पाण्यात बुडालेली गाडी चालू करू नका, टो करून न्या, एवढं एक जरी कोणी लक्षात ठेवलं तरी हे लिहिल्याचं सार्थक होईल.

क्लेमच्या दिवसांचं सांगतो, कारण खरी लढाई तिथे असते. वाशिष्ठीच्या पुलाचा भाग वाहून गेलेला, हायवे बंद, त्यामुळे सर्व्हेअर, म्हणजे विमा कंपनीकडून नुकसान मोजायला येणारा माणूस, यायला वेळ लागला. तोपर्यंत दुकानात कुजलेलं धान्य, तेल, मेलेली जनावरं, वास असा की आत पाय ठेववत नाही, आणि रोगराईच्या भीतीने नगर परिषदेच्या गाड्या कचरा भरून नेत होत्या. लोकांनी माल रस्त्यावर टाकला आणि त्याच्याबरोबर पुरावाही गेला. काकांच्या मुलाने फेकण्याआधी प्रत्येक शेल्फचा व्हिडिओ काढला, पोत्यांचे ढीग मोजता येतील असे, भिंतीवरची पाण्याची ओली रेघ फ्रेममध्ये घेऊन, आणि प्रत्येक प्रकारचं थोडं थोडं बाजूला ठेवलं. सर्व्हेअरने पहिल्यांदा विचारलं ते स्टॉक रजिस्टर, ते चिखलात. मग जे कागद दुकानाच्या बाहेर होते त्यांनीच वाचवलं, जीएसटीची रिटर्न्स, होलसेलवाल्यांची बिलं त्यांच्याकडून परत मागवली, आणि महिन्याला बँकेत दिलेलं स्टॉक स्टेटमेंट. तलाठ्याचा पंचनामा जोडला, पण पंचनामा सरकारी मदतीसाठी असतो, विमा कंपनी स्वतःच्या सर्व्हेअरच्याच रिपोर्टवर चालते, दोन्ही वेगवेगळे आहेत आणि एक झालं म्हणून दुसरं झालं असं समजू नये.

अजून एक. कोळकेवाडीतून पाणी सोडल्यामुळे पूर आला का यावर शहरात जोरदार वाद होता. काही दुकानदारांना भीती वाटायची की धरणाचं पाणी म्हटलं तर क्लेम नाकारतील, म्हणून फॉर्मवर काय लिहायचं यावर खल चालायचा. पॉलिसीत पूर आणि जलमय होणं कव्हर आहे, पाणी ढगातून आलं की धरणातून हे विचारलेलं नाही. फॉर्मवर तारीख, वेळ, पाण्याची उंची लिहा, बाकीचा वाद योग्य ठिकाणी लढा.

काकांच्या क्लेममध्ये आधी कंपनीने अजून काही कापलं होतं, माळ्यावरचा माल मोजलाच नव्हता. त्यांनी कंपनीच्या तक्रार विभागाला लेखी दिलं, व्हिडिओ जोडले, आणि तो भाग मिळाला. तिथे नाही जमलं तर पुढे विमा लोकपाल आहे, आपल्याकडच्या तक्रारी पुणे ऑफिसला जातात, फी नाही, वकील लागत नाही, मात्र आधी कंपनीकडे तक्रार करून एक महिना थांबायचं आणि कंपनीने नाकारल्यापासून एका वर्षाच्या आत जायचं.

आता पूररेषेकडे येतो, माझा मूळ मुद्दा तोच आहे. राज्यात जलसंपदा विभाग नदीकाठी दोन रेषा आखतो. निळी रेषा म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नदी ते निळी रेषा हा निषिद्ध पट्टा, तिथे नवीन बांधकाम नाही. निळी ते लाल हा नियंत्रित पट्टा, तिथे बांधकाम करता येतं पण जोतं लाल रेषेच्या पातळीपेक्षा ४५ सेंटीमीटर वर पाहिजे. आता २५ वर्षांतून एकदा म्हटलं की माणसाला वाटतं २०२१ ला आला, म्हणजे आता २०४६ पर्यंत निवांत. तसं नाहीये. त्याचा अर्थ दर वर्षी ४ टक्के शक्यता. २० वर्षांचं होम लोन घेतलंत तर ते फिटेपर्यंत निदान एकदा तरी असा पूर यायची शक्यता ५६ टक्के, निम्म्याहून जास्त. १०० वर्षांच्या पुराचीही ३० वर्षांत शक्यता २६ टक्के. हे आकडे कर्ज देताना कोणी दाखवत नाही.

चिपळूणमध्ये या रेषांना कडाडून विरोध झाला कारण शहराचा मोठा भाग त्यांच्या आत येतो. जुनी बाजारपेठ, पिढीजात जागा, उद्या रीडेव्हलपमेंटला परवानगी मिळेल का, जागेची किंमत पडेल का, बँक कर्ज देईल का. लोकांची मागणी होती की आधी नदीतला गाळ काढा, मग रेषा आखा. डिसेंबर २०२१ मध्ये चिपळूण बचाव समितीने साखळी उपोषण केलं, त्यानंतर वाशिष्ठी आणि शिव नदीतला गाळ काढायला सुरुवात झाली, जलसंपदाचा यांत्रिकी विभाग आणि नाम फाउंडेशनही त्यात होतं. लोकांनी एकत्र येऊन हे मिळवलं याचा मला अभिमान आहे. आणि विरोधामागची अडचणही खरी आहे, किराणा दुकानाचं जोतं पुराच्या पातळीच्या वर नेलं तर दुकान पहिल्या मजल्यावर जातं, गिऱ्हाईक जिना चढून साखर घ्यायला येत नाही.

पण म्हणून रेषाच नको, या म्हणण्याशी मी सहमत नाही. गाळ काढल्याने पाणी थोडं खाली राहील, लवकर ओसरेल, पण सह्याद्रीतून गाळ दर पावसाळ्यात येणारच, आणि समुद्राची भरती काही पोकलेनने थांबत नाही. पाणी कुठपर्यंत येतं ते नकाशावर नाही दाखवलं म्हणून पाणी यायचं थांबत नाही, फक्त नवीन फ्लॅट घेणाऱ्याला ते कळत नाही. माझं म्हणणं असं की लोकांचा राग रेषेवर आहे कारण ती रेषा त्यांच्याकडून फक्त घेते. परवानगी घेते, किंमत घेते, बदल्यात काहीच देत नाही.

अमेरिकेत १९६८ पासून याची उलटी रचना आहे. तिथे सरकारी पूर विमा त्याच गावाला मिळतो जे गाव पूरक्षेत्रात बांधकामाचे नियम लावायला तयार होतं. नकाशा १०० वर्षांच्या पुराचाच, आपल्या लाल रेषेसारखा. शिवाय गावाने नियमापेक्षा जास्त काम केलं, नाले साफ ठेवले, नदीकाठ मोकळा ठेवला, लोकांना माहिती दिली, तर गावाला गुण मिळतात आणि तिथल्या रहिवाशांच्या प्रीमियममध्ये ५ ते ४५ टक्क्यांपर्यंत सूट. म्हणजे नगरपालिकेने नाला साफ केला की घरमालकाचे पैसे वाचतात, आणि तो पुढच्या वर्षी स्वतःच नगरपालिकेच्या मागे लागतो. ती योजना कर्जात बुडालेली आहे, तिच्यात दोषही भरपूर आहेत, जशीच्या तशी आणा असं मी म्हणत नाही. पण रेषा, नाला आणि विमा हे तिन्ही एका दोरीत बांधायची कल्पना आपल्याला हवी आहे. आपल्याकडे रेषा जलसंपदाची, परवानगी नगर परिषदेची, मदत महसूलची, विमा कंपनीचा, आणि हे चौघे एका टेबलावर कधी बसत नाहीत.

आणि आपल्या देशातही सुरुवात झालीय. नागालँड सरकारने राज्यासाठी असा विमा घेतला ज्यात नुकसान मोजत बसायचं नाही, ठरलेल्यापेक्षा जास्त पाऊस झाला की पैसे सुटतात. चिपळूणला तर नदीची पातळी मोजायची सोय आहे, धोका पातळीच्या वर अमुक मीटर पाणी गेलं की अमुक रक्कम, असा विमा नगर परिषद किंवा जिल्हा प्रशासन सगळ्या शहरासाठी एकत्र घेऊ शकतं. पहिल्या आठवड्यात हातात रोख येणं म्हणजे काय ते त्या जुलैत दुकानाबाहेर चिखल उपसत असलेल्या माणसालाच विचारा.

बिल्डिंगमध्ये त्यानंतर काय बदललं ते सांगतो. मीटर आणि मेन स्विच वरच्या मजल्याच्या जिन्यात नेले, खालच्या भागाचं वायरिंग वरून खाली येतं. मागच्या ग्रिलला दार केलं. कापडवाल्यांनी गोडाऊन शहराबाहेर उंचावर घेतलं, आणि त्याचा पत्ता पॉलिसीत वेगळा लिहून घेतला, कारण विमा पत्त्याला असतो, दुसऱ्या जागेतला माल पहिल्या पत्त्याच्या पॉलिसीत धरत नाहीत. दोन्ही दुकानं आता भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा या पॉलिसीत आहेत, एका जागी ५ कोटींपर्यंतची मालमत्ता असलेल्या धंद्यासाठी ती आहे, पूर त्यात येतो आणि विमा १५ टक्क्यांपर्यंत कमी पडला तर कापत नाहीत. वरच्या दोन्ही घरांनीही गृह रक्षा काढली. काका मे महिन्याच्या शेवटी मालाची खरी किंमत काढून विम्याची रक्कम वाढवून घेतात, आणि रजिस्टरचे फोटो दर शनिवारी पुण्याला मुलीला पाठवतात.

आळीतल्या दुकानदारांनी मिळून नगर परिषदेला पत्र तयार केलंय. २००५ आणि २०२१ च्या पाण्याच्या पातळ्या प्रत्येक चौकातल्या खांबावर रंगवा, बांधकाम परवानगीच्या कागदावर त्या जागेची लाल रेषेची उंची मीटरमध्ये छापा, आणि शहरासाठी नदीच्या पातळीवर आधारलेल्या विम्याचं कोटेशन मागवा, या तीन मागण्या आहेत. पहिल्या दोन्हींना फारसा पैसा लागत नाही, त्या येत्या पावसाळ्याच्या आधी करता येतील.